यंदाच्या वर्साक

आमच्या मागच्या पडवीत उभं राहिलं की खाली मळा दिसतो. मळा म्हणजे व्हाळाच्या, ओढ्याच्या, दोन्ही अंगांना पसरलेली भातजमीन. तिचे लहान लहान तुकडे पडलेले, त्यांना इकडे कुणगे म्हणतात, आणि एकेक कुणगा एकेका भावबंदाचा. पावसात हा मळा हिरवागार असतो, त्यात कौतुक काही नाही, पावसात आमच्याकडे दगडही हिरवे होतात. माझ्या धाकट्या दिरांना तो उन्हाळ्यात हिरवा बघायचा होता. सगळ्या आयुष्यात त्यांनी एवढी एकच गोष्ट हट्टाने मागितली, आणि शेवटी तीही देवाकडे मागायची पाळी आली. देवावर त्यांचा फारसा भरवसा नव्हता, तरीसुद्धा.

मी त्यांना भावजी म्हणायचे. माझं माहेर मालवणचं, अगदी दर्याच्या काठचं. लग्न होऊन या आतल्या गावात आले तेव्हा भाताच्या रोपातलं आणि गवतातलं अंतर मला कळत नव्हतं. एकदा बेणणीला, म्हणजे भातातलं गवत काढताना, मी रोपंच उपटून बांधावर टाकली. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण भावजींना आयतं मिळालं. “वैनी, तुका वाटता भात पण जाळ्यात गावता,” असं ते पुढची कित्येक वर्षं मला म्हणत आले. मीही गप्प बसणारी नव्हे. आधी बांगडा ताजा की शिळा ते ओळखायला शिका, मग मला भात शिकवा, असं मी त्यांना ऐकवायची.

ते वेंगुर्ल्याच्या बाजूला एका काजूच्या रोपवाटिकेत काही वर्षं कामाला होते. तिथून परत आले ते डोक्यात नाना कल्पना घेऊनच. एका वर्षी त्यांनी न्हाणीघरात पेंढ्याच्या पिशव्या टांगून अळंबी लावली. अळंबी उगवली खरी, पण घरातल्या बायकांना आंघोळीला विहिरीवर जावं लागलं, आणि शेवटी सासूबाईंनी त्या पिशव्या स्वतःच्या हाताने उकिरड्यावर टाकल्या. एका वर्षी प्रत्येक माडावर मिरीचा वेल चढवला, तर नारळ काढायला येणारा पाडेली वर चढायलाच तयार होईना. गावात या सगळ्याला एकच शब्द होता, खूळ. पाऊस सरला की लोक त्यांना वाटेत थांबवून विचारायचे, “काय रे, ह्या वर्साचा खूळ खयचा?” विचारण्यात वाईट काही नसायचं. भावजीही हसून सांगायचे.

पण मळ्याचं खूळ हे खूळ नव्हतं. पूर्वी आमच्या मळ्यात पावसाळी भात कापून झाल्यावर व्हाळाला बांध घालून उन्हाळ्यात दुसरं भात घेत. त्याला वायंगण म्हणतात. हळूहळू वायंगण बंद पडलं, कारण व्हाळाचं पाणी शिमग्यानंतर टिकेना आणि भात तर त्यानंतर पिके. शेवटचं पाणी मिळालं नाही की दाणा पोचट राहतो. भावजींचं म्हणणं साधं होतं, पाणी लांबवता येत नसेल तर भात आखूड करू. त्यांनी जुनं लाल वायंगणी बियाणं कुठूनसं मिळवलं आणि विहिरीमागच्या कोपऱ्यात, काटेरी कुंपणाच्या आत, लावलं. त्यातल्या ज्या लोंब्या सगळ्यात आधी पिकत त्यांना ते माझ्या जुन्या लुगड्याच्या काठाचे दोरे बांधून ठेवत. पुढच्या हिवाळ्यात फक्त तेच दाणे पेरायचे, त्यातल्या पुन्हा लवकरच्या लोंब्या निवडायच्या. हे असं वर्षानुवर्षं चाललं. मला उतावीळपणा फार, मी विचारायची, झालं का तुमचं आखूड भात? ते म्हणायचे, पी हळद नि हो गोरी असं शेतात नसतं. मग एका वर्षी खरंच शिमग्याच्या होळीला त्यांच्या कोपऱ्यातलं भात कापून झालेलं होतं. त्यांनी मूठभर लोंब्या आणून माझ्या ओट्यावर ठेवल्या आणि मागच्या दारी जाऊन बसले.

बियाणं झालं, पाणी झालं, तरी मळा हिरवा होईना, कारण आडवी आली गुरं. आमच्याकडे पावसाळी भात घरी आलं की गुरं मोकळी सोडतात. मग पाऊस लागेपर्यंत सगळा मळा सगळ्यांच्या गुरांचा. ही रीत कोणी लिहून ठेवलेली नाही, पण तिच्यापुढे कोणाचं चालत नाही. एकट्याने पेरलं तर गुरांच्या घशात गेलं समजायचं. कुंपण घालावं तर कुणगे इतके बारके आणि एकमेकांत अडकलेले, की एकाच्या कुंपणाने दहाजणांची वाट नि पाणी अडतं. म्हणजे एक तर सगळ्या गावाने गुरं बांधायची, नाहीतर कोणीच काही पेरायचं नाही. गाव करी ते राव न करी म्हणतात ते काही खोटं नाही.

भावजींनी आधी सरकारी मार्ग धरला. कणकवलीहून शेतकी खात्याचे साहेब आले, शाळेत सभा झाली, मी पन्नासेक माणसांचा चहा केला. साहेब चांगला माणूस होता, कळकळीने बोलला. गुरं बांधणार ना, असं त्याने विचारलं तेव्हा सगळ्यांनी शुद्ध मराठीत “हो साहेब, नक्की साहेब” म्हटलं. मी चहाचे कप गोळा करताना ते ऐकलं आणि तेव्हाच ओळखलं की यातून काही होणार नाही. आमच्याकडचा माणूस कचेरीच्या मराठीत “हो” म्हणतो ते समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून. दोन दिवसांत गुरं मळ्यात चरत होती, आणि ज्यांनी हो म्हटलं होतं तेच काठी घेऊन त्यांच्यामागे होते.

भावजी फार खट्टू झाले. तेव्हा शेजारचे आबा आले. आबा आमच्या गावाचे मानकरी, म्हणजे देवळात गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराण्याचा. गावात सगळ्यात जास्त गुरंही त्यांचीच. ते पडवीच्या पायरीवर बसले, पान खाल्लं आणि म्हणाले, “सायबाक काय इचारतंस? देवाक इचार.”

देवाला विचारायचं म्हणजे कौल लावायचा. गुरव देवाच्या पाषाणावर उजव्या नि डाव्या अंगाला फुलाच्या पाकळ्या पाण्याने चिकटवतो, मानकरी प्रश्न विचारतो, आणि उजवी पाकळी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. भावजी हसले. म्हणाले, पाकळी वाळली की पडते, त्यात देव कुठे आला? मला मात्र आबांचं पटलं. मी भावजींना म्हटलं, पाकळी कशानेही पडू दे, माणसं ऐकतील ना? साहेबापुढे खोटं बोलणारा माणूसही देवळात “व्हय म्हाराजा” म्हणाला की मग मागे फिरत नाही. हे दर्याकडच्या बाईने सांगावं याचं त्यांना नवल वाटलं, पण ते गेले.

त्या दिवशी देऊळ भरलं होतं. आम्ही बायका खांबांच्या अलीकडे उभ्या होतो. आबांनी पंचा कमरेला बांधला, हात जोडले आणि त्यांचा घोगरा आवाज चढत गेला. “बा देवा म्हाराजा, आज ही तुझी लेकरां तुझ्या दारात उबी आसत. यंदाच्या वर्साक मळ्यात वायंगण करूचा मनात आसा, गुरां बांदून घालूची आसत. तुझो हुकूम आसात तर उजवो कौल दी म्हाराजा.” सगळे एका आवाजात म्हणाले, “व्हय म्हाराजा.” गुरवाने पाकळ्यांवरची नजर हलवली नाही. भावजी हाताची घडी घालून, पाषाणाकडे न बघता खाली बघत उभे होते. उजवी पाकळी पडली तेव्हा गर्दीतून निघालेला हुंकार ऐकून त्यांनी मान वर केली. देवावर विश्वास नसलेल्या माणसाचे डोळे असे भरून आलेले मी त्याआधी पाहिले नव्हते.

त्या वर्षीचा उन्हाळा मी मरेपर्यंत विसरणार नाही. गावाने व्हाळाला सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत वाळू भरून बांध घातला. भावजींनी सगळ्यांना बियाणं वाटलं. गुरं गोठ्यात राहिली, आणि आबांनी स्वतःच्या गुरांना दोन वेळचा पेंढा कापून घातला, कधी कुरकुर केली नाही. माघात मळा एवढा हिरवा झाला की बगळ्यांनासुद्धा ऋतू कळेना. चढावरच्या विहिरींचं पाणीसुद्धा त्या वर्षी उशिरा खाली गेलं. दुपारी मागच्या दाराने गार वारा यायचा. आजूबाजूच्या गावचे लोक बघायला येत, साहेबही येऊन फोटो काढून गेले. भावजी त्या दिवसांत फारसं बोलत नसत, नुसते बांधाबांधावरून हिंडत. शिमग्याआधी भात कापलं गेलं. पहिला भात देवाला दाखवला, मग घरी शिजला. लाल तांदळाच्या पेजेला जो वास असतो तो सगळ्या वाडीत पसरला होता. लोकांनी आपापलं भात खाल्लं. बियाणं राखायचं काम कोणी केलं नाही, कारण ते भावजी ठेवणार हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं. त्यांनी ठेवलंही. बियाण्याभोवती पेंढ्याच्या घट्ट मुड्या वळून, चुलीचा धूर लागेल अशा बेताने माळ्याच्या वाशाला टांगल्या.

दुसऱ्या वर्षी पावसाळी भात घरी आलं तसं भावजींनी आपल्या मनाने मळ्याच्या कडेला तरवा टाकला, म्हणजे लावणीसाठी रोपं उगवायला घातली. सगळ्या गावाला पुरेल एवढा. एक मुडी सोडून बाकीचं सगळं बियाणं त्यात गेलं. आता विचारायचं काय राहिलं, असं त्यांना वाटत होतं. पण आबा संध्याकाळी आमच्याकडे आले. ते भांडायला आले नव्हते, मी त्यांच्यावर कितीही चिडले तरी हे मला कबूल करावंच लागेल. ते म्हणाले, “देवान कौल दिल्यान तो त्या वर्साक. ता वर्स सरला.”

भावजी म्हणाले, ठीक आहे, पुन्हा विचारू. पण या वेळी एका वर्षापुरतं विचारायचं नाही, कायमचं विचारायचं. त्यांचंही चुकत नव्हतं. बियाणं राखायचं, बांध घालायचा, पेंढा साठवायचा, हे सगळं पुढचं धरून करावं लागतं. दर वर्षी दाराशी उभं राहून होकाराची वाट बघत बसलं तर शेतीत नवं काही उभं कसं राहणार? आबांनी पानाला चुना लावला. मग म्हणाले, “देव वर्साचा बोलता. फुडच्या वर्साचा कोणी बगल्यान?” भावजींनी हट्ट सोडला नाही. शेवटी आबांनी त्यांना हवं तसं गाऱ्हाणं घालायचं कबूल केलं.

आणि पाकळ्या पडल्याच नाहीत. उजवीही नाही नि डावीही नाही. उन्हं देवळाच्या पायरीवरून खाली उतरली, म्हाताऱ्या बायका बसून घेऊ लागल्या, गुरव घामाने भिजला. पुन्हा गाऱ्हाणं झालं, पुन्हा “व्हय म्हाराजा” झालं. कोणीतरी हळूच म्हणालं, एका वर्षाचं विचारून बघा. पण एकदा घातलेला प्रश्न त्याच वर्षात बदलून घालायची रीत नाही. आबा मागे वळले तेव्हा त्यांचा चेहरा एकदम उतरला होता. “देव बोलणा नाय,” ते म्हणाले, “जुन्याप्रमाणा चलांदे.”

गुरं सुटली. पहिल्यांदा आबांचीच तांबडी गाय मळ्यात उतरली आणि सरळ तरव्यात शिरली, एवढ्या सुकलेल्या मळ्यात तेवढाच हिरवा तुकडा होता. मी काठी घेऊन धावत सुटले होते. भावजींनी मला पडवीतच अडवलं. “वैनी, ती गुरां. तेंका कौल खंय ठावक,” ते म्हणाले. आम्ही दोघं तिथं उभं राहून बघत राहिलो. रोपं चांगली वीतभर झाली होती.

त्या हिवाळ्यात ते विहिरीमागच्या कोपऱ्यातही गेले नाहीत. इतक्या वर्षांत असं पहिल्यांदाच झालं. मी त्यांच्या मागे लागले, उरलेल्या मुडीतलं थोडं तरी पेरा, बियाणं ताजं राहू दे. आमच्या या दमट हवेत भाताचं बियाणं फार दिवस जिवंत राहत नाही, एवढं त्यांच्याबरोबर राहून मलाही कळू लागलं होतं. ते म्हणाले, “फुडच्या वर्साक बगू, वैनी.” वर्षावर्षाने चालायचं हे आबांनी सांगितलं तेव्हा त्यांनी ऐकलं नव्हतं, आणि आता स्वतःच तसं बोलत होते. मला त्यांचा राग आला. असा रुसवा मला सहन होत नाही, माझ्या माहेरी तुफानात होडी गेली तरी माणूस दुसऱ्या दिवशी जाळं शिवायला बसतो. पण मी जास्त ताणलं नाही.

आषाढात लावणीच्या दिवसांत त्यांना ताप भरला. चिखलात काम करणाऱ्याला ताप येतोच म्हणून त्यांनी अंगावर काढला. डोळे पिवळे झाले तेव्हा आम्ही गाडी करून इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी सांगितलं की लेप्टो आहे, उंदराच्या मुतातून पाण्यात येतो, आणि आता मूत्रपिंडापर्यंत गेलाय. बाहेर पाऊस कोसळत होता. त्यांनी माझ्या नवऱ्याला जवळ बोलावलं आणि विचारलं, “माळ्यावर गळता काय? मुडीवर पाणी पडात, बग.” माझा नवरा म्हणाला, काही गळत नाही, सुकी आहे. त्यावर त्यांनी डोळे मिटले. ते परत घरी आले ते रुग्णवाहिकेतून, पांढऱ्या चादरीखाली. मळ्यात तेव्हा सगळीकडे लावणी चालली होती, आणि बातमी कळताच बायका जिथल्या तिथे चिखलात उभ्या राहिल्या.

तुळशीचं लग्न झालं, भात घरी आलं, आणि एके सकाळी आबा अनवाणी आमच्या दारात आले. आत आले नाहीत. म्हणाले, देवळात चला. कोणी त्यांना सांगितलं नव्हतं, कोणी मागितलं नव्हतं. मी जाणार नव्हते. त्या देवाचं तोंड बघायचं नाही असं मी मनाशी ठरवलं होतं, पण नवरा एकटा निघालेला बघवेना म्हणून गेले.

आबांचा आवाज त्या दिवशी चढला नाही. “बा देवा म्हाराजा, आमच्यातलो एक झील गेलो. गेल्या वर्सा मागताना चुकला आसात तर ता आमच्या पदरात घाल, तेच्या नको. यंदाच्या वर्साक गुरां बांदून घालूची आसत म्हाराजा.” त्यांचं बोलणं पुरं व्हायच्या आत उजवी पाकळी पडली. “व्हय म्हाराजा” म्हणताना अर्ध्या लोकांना रडू फुटलं. मला रडू आलं नाही. इतक्या सहज द्यायचं होतं तर गेल्या वर्षी काय झालं होतं, असं मी त्या पाषाणाला मनातल्या मनात विचारलं, आणि अजूनही विचारते.

घरी येऊन आम्ही मुडी खाली काढली. नवऱ्याने पेंढा सोडला. भात दिसायला सुरेख होतं, लालसर, टपोरं, एक दाणा किडलेला नाही. भावजी करायचे तसं मी ते सगळं भिजत घातलं, मग ओल्या गोणत्यात बांधून वर पेंढा नि दगड ठेवला. आतून ऊब आली की कोंब फुटतात. मी रोज हात लावून बघायची, ऊब लागायची नाही. कोंब यायच्या दिवशी गोणतं सोडलं तर आंबूस वास आला. दाणे फुगले होते, पण एकालाही कोंब नव्हता. मी ते सुपात ओतून एकेक दाणा चाळवत बसले. शेवटी नवऱ्याने माझ्या हातातून सूप काढून घेतलं.

गावाने गुरं बांधली हे कळताच साहेबांनी कणकवलीहून सरकारी बियाणं पाठवतो म्हणून निरोप दिला. चांगलं होतं ते, पण उशिरा पिकणारं; शिमग्यानंतर त्याला पाणी कुठून द्यायचं? नवऱ्याने तसं कळवलं. व्हाळाला बांध कोणी घातला नाही. आमचं बियाणं मेलं हे सांगायला आम्ही कोणाच्या दारी गेलो नाही. सगळे वाट बघत राहिले. आमच्याकडून बियाणं येईल, मग हालचाल होईल, असं त्यांना वाटत होतं.

दिवस उलटत गेले आणि मळा तसाच रिकामा, तेव्हा आबा आले. पायरीवर बसले, पण या वेळी पान काढलं नाही. शेजारून, त्यांच्या गोठ्यातून, गुरांचं हंबरणं ऐकू येत होतं. “वैनी,” ते म्हणाले, “गुरां बांदलंय मी. आता ता खूळ खंय आसा?”

मी त्यांना मागच्या दारी नेलं आणि सूप दाखवलं. त्यांनी त्यातला एक दाणा उचलला, नखाने फोडला, वास घेतला. मग बराच वेळ सूप मांडीवर घेऊन मळ्याकडे बघत बसले. जाताना त्यांनी दाणे तसेच सुपात ठेवले, एकही सांडू दिला नाही.

मला वाटलं, आता तरी ते गुरं सोडतील. मळ्यात खायला सुकं गवत उभं होतं आणि गोठ्यात पेंढा संपत आला होता. पण देवाने यंदाच्या वर्षाचा शब्द दिला होता आणि गावाने तो घेतला होता. पाऊस पडेपर्यंत कोणी एक दावं सोडलं नाही. सगळा उन्हाळा मी मागच्या पडवीत उभी राहून बांधलेल्या गुरांचं हंबरणं ऐकत होते, आणि खाली मळ्यात राखण्यासारखं काहीच नव्हतं.